सुडोचा सूड

मंडळी, लिनक्सवर काम करणाऱ्या कुणालाही विचारून बघा. "यूएसबीला बोर्ड जोडलाय, पण प्रोग्रॅम चढवताना ‘पर्मिशन डिनाइड’ येतंय. काय करू?" समोरचा बहुधा स्क्रीनवरून नजरही न हटवता सांगेल, "सुडो लाव." तुम्ही सुडो लावता, प्रोग्रॅम चढतो, बोर्डावरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि तुम्ही दोघं चहाला जाता. प्रॉब्लेम संपला!

संपला का खरंच? माझं म्हणणं असं की तो फक्त दिसेनासा झाला. आणि दिसेनासे झालेले प्रॉब्लेम आपल्या धंद्यात परत येतात, तेही बहुधा रिलीजच्या आदल्या रात्री. पण मला आज याहून जरा वादग्रस्त गोष्ट म्हणायची आहे. ‘सुडो लाव’ म्हणणाऱ्या त्या बिचाऱ्या सहकाऱ्याचा यात फारसा दोष नाही. दोष आहे तो उपकरण किंवा सॉफ्टवेअर बनवून, सोबतच्या माहितीपत्रकात ‘हे सुडो लावून चालवावे’ असं बिनदिक्कत लिहून मोकळं होणाऱ्याचा. ते वाक्य म्हणजे सूचना नाही, अर्धवट सोडलेलं काम आहे. आणि ते काम करणारे लोक आपल्याच जमातीतले असतात, म्हणून हा लेख.

आधी हे बघू की नकार देतंय कोण, आणि का.

युनिक्सच्या जगात उपकरण हीसुद्धा एक फाइल असते. तुम्ही अर्डुइनोसारखा बोर्ड जोडला की कर्नल ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये टीटीवाययूएसबी० किंवा टीटीवायएसीएम० अशा नावाची एक फाइल उभी करतो. ‘एलएस’ कमांडला लांबलचक यादी मागितली की तिचा मालक दिसतो रूट, गट दिसतो ‘डायलआउट’ आणि परवानगी दिसते ०६६०. म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, गटातल्यांनी वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी लांब राहावं. तुम्ही त्या गटात नसाल तर तुम्ही ‘बाकीचे’. इतकं साधं आहे ते.

आता हे डायलआउट काय प्रकरण आहे? आपल्याकडे ज्यांच्या घरी तो काळा, चकती फिरवायचा फोन होता, त्यांना चकतीच्या भोकात अडकवलेलं छोटंसं कुलूप आठवत असेल. आलेले फोन घ्या, पण बाहेर लावायचा असेल तर किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला विचारा. डायलआउट गट म्हणजे नेमकं तेच कुलूप. सीरियल पोर्टला मोडेम लावलेला असायचा, मोडेमला फोनची लाइन, आणि लाइनचं बिल कुणाला तरी भरावं लागायचं. मोडेम गेले, बिलं गेली, नाव राहिलं. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्यात आजही तोच गट आहे. आर्च लिनक्समध्ये गटाचं नाव ‘यूयूसीपी’, ते तर त्याहून जुनं, १९७० च्या दशकात एका युनिक्स मशीनवरून दुसऱ्यावर फायली पाठवायची जी सोय होती तिचं. वाड्याच्या दाराला आजोबांच्या नावाची पाटी तशीच राहावी, तसं आहे हे.

हे झालं सीरियलचं. काही उपकरणांना सीरियल पोर्ट नसतोच. स्कॅनर, प्रोग्रॅमर, मोजमापाची यंत्रं यांच्याशी प्रोग्रॅम थेट यूएसबीवरून बोलतो, आणि त्यासाठी ‘डेव्ह’च्या आत ‘बस’, त्याच्या आत ‘यूएसबी’ अशा फोल्डरमध्ये वेगळ्या फायली असतात. तिथे सर्वसाधारण परवानगी असते ०६६४. म्हणजे वाचायला सगळ्यांना मोकळीक, लिहायला फक्त रूटला. त्यामुळे एक गंमत होते. ‘एलएसयूएसबी’ चालवलं की उपकरणाचं नाव, कंपनी, सगळं ठळक दिसतं, पण प्रोग्रॅम म्हणतो ‘अॅक्सेस डिनाइड’. माणूस वैतागतो, "दिसतंय तर चालत का नाही?" मिठाईच्या दुकानाची काच हो! दिसणं वेगळं आणि हात घालणं वेगळं.

बरं, एवढी कडक शिस्त कशासाठी? दोन कारणं सांगतो, दोन्ही खरीखुरी.

पहिलं कारण म्हणजे तुमचा कीबोर्ड. तोही बहुधा यूएसबीवरच असतो आणि त्याच्यासाठीही ‘डेव्ह’मध्ये फायली असतात. एक ‘इनपुट’ फोल्डरमध्ये, आणि एक ‘एचआयडीरॉ’ या नावाने सुरू होणारी. ज्याला ती फाइल वाचता येते त्याला तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचता येते. बँकेचा पासवर्डसुद्धा. 

दुसरं कारण, २०१४ साली अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं. साध्या पेन ड्राइव्हमधल्या कंट्रोलरचा फर्मवेअर बदलून तो कीबोर्ड असल्याची बतावणी करायला लावता येतो, आणि मग तो आपोआप कमांड ‘टाइप’ करतो. म्हणजे यूएसबी उपकरणावर थेट लिहिण्याची मुभा ही काही वेळा त्या उपकरणाचं रूपच पालटण्याची मुभा असते. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला द्यायची का, हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही.

तर नकाराला कारण आहे. तो एक प्रश्न आहे: "आपण कोण? कुणाकडे काम आहे?" सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन विचारतो ना, तसा. सुडो हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. सुडो म्हणजे वॉचमनला सांगणं की "मी सोसायटीचा चेअरमन आहे, बाजूला हो." एका कुरियरच्या पाकिटासाठी!

आणि मग सूड सुरू होतो.

अँड्रॉइडवाल्यांचं उदाहरण घ्या. फोन जोडला, ‘एडीबी’ म्हणालं परवानगी नाही. सुडो लावून एकदा चालवलं, फोन दिसला. नंतर सुडोशिवाय चालवलं, तरी दिसला! मंडळी खूश, "एकदा सुडो लावलं की मग चालतं." प्रत्यक्षात काय झालं? एडीबी मागे एक सर्व्हर सुरू करून ठेवतं. सुडोमुळे तो रूटच्या हक्काने सुरू झाला आणि नंतरच्या सगळ्या साध्या कमांड त्याच्याशीच बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एखादा ग्राफिकल प्रोग्रॅम सुडोने उघडला तर आणखी मजा. सुडोची मांडणी कशी आहे त्यावर दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो तुमच्या होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फायली टाकून जातो, आणि नंतर साध्या मार्गाने उघडल्यावर त्याला स्वतःचीच सेटिंग्ज लिहिता येत नाहीत. किंवा तो रूटचं होम फोल्डर वापरतो, आणि तुमच्या लायब्ररी, तुमची सेटिंग्ज गायब झालेली दिसतात. एका पर्मिशनच्या प्रॉब्लेमचे चार प्रॉब्लेम झाले.

सुडोचा धाकटा भाऊ म्हणजे ‘सीएचमॉड ६६६’. त्या उपकरणाच्या फाइलवर सगळ्यांना वाचायला-लिहायला मोकळं करून टाकायचं. हे चालतं, फक्त केबल काढेपर्यंत. कारण ती फाइल डिस्कवर नसतेच. उपकरण काढलं की ती नाहीशी होते, परत जोडलं की नव्याने जन्माला येते, जुन्याच ०६६० च्या संस्कारांसह. वाळूवर लिहिण्यातला प्रकार आहे हा.

पण सगळ्यात घातक आहे तो तिसरा उपाय, कारण तो टिकतो. ‘यूडेव्ह’ची एक नियमाची फाइल करायची आणि तिच्यात लिहायचं की ज्याचं नाव एचआयडीरॉने सुरू होतं ते सगळं, सगळ्यांना, ०६६६. आपला गेमिंग कीबोर्ड नाही तर रंगीत दिव्यांचा माउस ब्राउझरमधून सेट करता यावा म्हणून लोक ही ओळ डोळे मिटून चिकटवतात. वर सांगितलेलं पहिलं कारण आठवा. त्या ओळीने मशीनवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला तुमच्या कळा वाचायची परवानगी दिली, कायमची. दिवे मात्र छान लागतात हं. :-)

मग करायचं काय? माझा आग्रह इतकाच की उपाय शोधायच्या आधी नेमकं अडलंय कुठे ते विचारावं. क्रम असा:

१) उपकरण दिसतंय का? ‘एलएसयूएसबी’ आणि कर्नलचे ताजे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ या दोन कमांड बघाव्यात. इथेच काही नसेल तर परवानगीचा विषयच नाही. केबल बदला. फक्त चार्जिंगच्या तारा असलेल्या केबलने भल्याभल्यांची दुपार खाल्ली आहे.

२) फाइल तयार झाली आहे का, आणि तिचा मालक-गट कोण? परवानगीच्या अक्षरांशेवटी अधिकचं चिन्ह असेल तर तिथे एसीएल, म्हणजे नावानिशी दिलेली खास परवानगी आहे. ती ‘गेटएफएसीएल’ कमांडने वाचता येते.

३) मी कोण? ‘आयडी’ कमांड नुसती चालवली तर ती या चालू टर्मिनलला लागू असलेले गट दाखवते. तीच स्वतःचं युजरनेम देऊन चालवली तर नोंदवहीत तुमच्या नावावर असलेले गट दाखवते. दोन्हीत फरक असेल तर तुमचा प्रॉब्लेम सापडला. गटाची नोंद झाली आहे, पण तुम्ही लॉगआउट करून परत आलेला नाहीत. गट लॉगिनच्या वेळी अंगाला चिकटतात, मधेच नाही.

४) एरर नेमका कुठला? ‘पर्मिशन डिनाइड’, ‘डिव्हाइस बिझी’ आणि ‘नो सच फाइल’ ही तीन वेगळी माणसं आहेत. पहिल्याला परवानगी हवी. दुसऱ्यात उपकरण आधीच कुणाच्या तरी हातात आहे. उदाहरणार्थ ‘मोडेममॅनेजर’, जो नवीन सीरियल पोर्ट दिसला की हा मोडेम तर नाही ना, असं चाचपून बघतो. तिसऱ्यात फाइलच नाही. सुडो यातल्या फक्त पहिल्यावर चालतो, आणि लोक तो तिन्हींवर मारतात.

चौथ्या मुद्द्याचं एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये उबुंटू २२.०४ आलं आणि स्वस्त बोर्डांवर असते ती सीएच३४० चिप वापरणाऱ्यांच्या टीटीवाययूएसबी० फायली गायब व्हायला लागल्या. जोडलं की क्षणभर दिसायची, लगेच नाहीशी. कारण होतं ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्रॅम. अंध व्यक्ती ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी स्क्रीन वाचतात, त्यासाठी तो असतो. त्याच्या नियमात १ए८६:७५२३ हा आयडी होता, कारण एका ब्रेल यंत्राची ओळखही तीच. त्याला वाटलं ब्रेल यंत्रच आलं, आणि त्याने उपकरण ताब्यात घेतलं. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘तो प्रोग्रॅमच काढून टाका.’ स्वतःच्या लॅपटॉपवर, गरज नसेल तर, ठीक आहे. पण कॉलेजच्या लॅबमधल्या चाळीस मशीनवर एकच इमेज चढवणाऱ्याने हा सल्ला ऐकला, तर उद्या त्या लॅबमध्ये येणाऱ्या अंध विद्यार्थ्याचं मशीन आपण आजच मुकं करून ठेवलं. आणि खरा उपाय अगदी छोटा आहे. सिस्टिमच्या नियमांची फाइल त्याच नावाने ‘ईटीसी’मधल्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि तेवढी एक ओळ बंद करायची. त्याच नावाची फाइल तिथे असली की मूळची बाजूला ठेवली जाते. ब्रेलही चालतं, बोर्डही चालतो.

आता योग्य उपाय. दोनच आहेत, आणि कुठला कधी वापरायचा हे कळलं की झालं.

पहिला म्हणजे गट. ‘यूजरमॉड’ वापरून स्वतःला डायलआउट गटात घालायचं. यात छोटा ‘ए’ आणि मोठा ‘जी’ दोन्ही लागतात. ‘ए’ विसरलात तर नवा गट जोडला जाण्याऐवजी जुने सगळे अतिरिक्त गट पुसले जातात, त्यात सुडोचा गटही गेला. मग सुडोच उरत नाही. सूड म्हणतात तो हाच! आणि हो, ‘डिस्क’ गटात मात्र कुणीही सांगितलं तरी शिरू नका. अख्खी डिस्क कच्ची वाचता-लिहिता येणं म्हणजे रूट असण्यासारखंच आहे.

दुसरा म्हणजे ‘यूअॅक्सेस’. यूडेव्हच्या नियमात लिहायचं, सबसिस्टिम यूएसबी असेल, व्हेंडर आयडी अमुक असेल, प्रॉडक्ट आयडी तमुक असेल, तर हा टॅग लाव. मग सिस्टिम-डीचा ‘लॉगिनडी’ बघतो की या क्षणी स्क्रीन-कीबोर्डसमोर कोण लॉगिन करून बसलंय, आणि फक्त त्याच्या नावाने परवानगी देतो. दुसऱ्या युजरने स्क्रीनचा ताबा घेतला की परवानगी त्याच्याकडे जाते. मला ही कल्पना फार आवडते, कारण ती रोजच्या व्यवहाराशी जुळते. ज्याच्या हातात केबल, त्याचा हक्क. बारीक खाचखळगे दोन. फाइलच्या नावातला आकडा ७३ पेक्षा लहान हवा, कारण परवानगी वाटणारा नियम ७३ क्रमांकाच्या फाइलमध्ये आहे, आणि तो चालून गेल्यावर लावलेल्या टॅगला कुणी विचारत नाही. आणि बरोबरची दोन चिन्हं म्हणजे तुलना, एक चिन्ह म्हणजे नेमणूक. यात गल्लत केलीत तर नियम हवं ते करत नाही. नियम लिहून झाला की यूडेव्हला नियम परत वाचायला सांगा आणि केबल काढून लावा.

मग निवड कशी करायची? माणूस मशीनसमोर बसून उपकरण वापरणार असेल तर यूअॅक्सेस. एसएसएचने लांबून येणार असेल, किंवा कोपऱ्यात ठेवलेल्या रास्पबेरी पायवर रात्रंदिवस चालणारी सर्व्हिस असेल, तर गट. कारण तिथे ‘समोर बसलेला’ कुणी नसतोच. सर्व्हिसला तिचा स्वतःचा युजर द्यावा, त्याला हवा तेवढा एकच गट द्यावा, बस्स. कंटेनरमध्ये चालवत असाल तर तेवढं एक उपकरण आत द्यावं. ‘प्रिव्हिलेज्ड’ लावणं म्हणजे नवे कपडे घातलेला सुडोच.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. हे सगळं वापरणाऱ्याने का शिकावं?

पेन ड्राइव्ह जोडताना तुम्ही यातलं काही करता का? नाही. पेन ड्राइव्हची कच्ची फाइलही रूटच्याच मालकीची असते. पण कुणीतरी आधीच कष्ट घेऊन ‘यूडिस्क्स’ नावाची सर्व्हिस लिहिली आहे, जी तुमच्या वतीने, नियम तपासून, ड्राइव्ह माउंट करते. स्कॅनरसाठी ‘सेन’ प्रकल्पाने माहीत असलेल्या स्कॅनरच्या आयडींची यादीच नियमांच्या रूपात सोबत दिली आहे. टू-फॅक्टर लॉगिनच्या त्या यूएसबी किल्ल्यांचंही तसंच. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या किल्लीचा आयडी यादीत वाढवत बसावं लागायचं. २०१९ मध्ये सिस्टिम-डीच्या २४४ व्या आवृत्तीत असं केलं गेलं की उपकरण स्वतःचं वर्णन काय सांगतं ते वाचायचं, आणि ते एफआयडीओ किल्ली असेल तर समोरच्या युजरला आपोआप परवानगी द्यायची. उद्या नव्या कंपनीची किल्ली आली तरी कुणालाही काही करावं लागणार नाही. सुडो नाही, माहितीपत्रक नाही. काम नीट झालं की ते दिसतच नाही, ते असं.

म्हणजे हे अशक्य नाही. पाच-सहा ओळींची एक फाइल आपल्या पॅकेजमध्ये टाकायची. एवढंच. तरीही यंत्र विकणारे, सॉफ्टवेअर देणारे ती टाकत नाहीत आणि ‘सुडो लावून चालवावे’ लिहितात. वाचवलेला वेळ बनवणाऱ्याचा, आणि जोखीम वापरणाऱ्याच्या गळ्यात. आणि फाइल द्यायची नसेल तर निदान एरर तरी नीट द्या! एडीबी परवानगी नसेल तेव्हा ‘यूडेव्हचे नियम नाहीत का?’ असं स्वतःहून विचारतं. ती एक ओळ माणसाला बरोबर दिशेला पाठवते. नुसतं ‘फेल्ड टू ओपन डिव्हाइस’ छापणारा प्रोग्रॅम त्याला सुडोच्या दारात सोडतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. "अरे, माझा लॅपटॉप, मी एकटाच वापरतो. माझे फोटो, पासवर्ड, कोड, सगळं माझ्याच युजरखाली आहे. रूटपासून वाचवून मिळवलं काय?" खरं आहे. एकट्याच्या लॅपटॉपवर रूटची भिंत आपल्याला वाटते तेवढी उंच नाही, हे मी मान्य करतो. पण धोका दुसऱ्या माणसाचा नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमचा आहे. आपण दिवसभरात जे शे-दोनशे पॅकेज कुणाकुणाकडून उतरवून घेतो, त्यातल्या एकाने गडबड केली तर ती माझ्या युजरपुरती राहणं आणि ती मशीनच्या मुळाशी जाऊन बसणं, यात फरक आहे. फॉरमॅट करायची वेळ येते तेव्हा तो कळतो.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे सवय लॅपटॉपवर राहत नाही. डेमोमध्ये सुडोने चाललेला प्रोग्रॅम प्रॉडक्टमध्ये रूट म्हणूनच जातो, कारण ‘चालतंय ना, हात लावू नका.’ मग तोच एखाद्या काउंटरवर बसतो, बारकोड रीडर जोडून. त्या रीडरमधून येणारा मजकूर कुणाचा? रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाचा. तो काय छापून आणेल ते त्याच्या हातात. तो मजकूर वाचणाऱ्या कोडमध्ये एखादी चूक राहिली (आणि राहतेच), तर साध्या युजरखाली एक प्रोग्रॅम कोसळेल. रूटखाली अख्खं मशीन त्या रांगेतल्या माणसाचं होईल. दवाखान्यातलं, दुकानातलं, ग्रंथालयातलं मशीन. त्यात आपले-तुपले फोन नंबर, बिलं, आजार. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला सुडो हा शब्दही माहीत नसतो. त्याच्या वतीने ‘चेअरमन’ म्हणून सही करून आलेला असतो एक इंजिनियर, ज्याला त्या दिवशी पाच ओळी लिहायचा कंटाळा आला.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. पुढच्या कोड रिव्ह्यूमध्ये, यूएसबीशी बोलणाऱ्या कुठल्याही गोष्टीत, तीन प्रश्न विचारा. हे साध्या युजरने चालवून बघितलंय का? नियमाची फाइल पॅकेजमध्ये आहे का, आणि ती नेमक्या आयडीपुरती आहे की ‘सगळं, सगळ्यांना’? परवानगी नसेल तेव्हा प्रोग्रॅम माणसाला समजेल असं काही सांगतो का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल आणि माहितीपत्रकात सुडो असेल, तर ते काम ‘झालं’ म्हणून बंद करू नका. वेळ लागतो म्हणाल, तर नियम लिहून तपासायला एका चहाहून फार जास्त लागत नाही.

आणि शेजारच्याने विचारलं, "पर्मिशन डिनाइड येतंय, काय करू?" तर एवढंच म्हणा, "आयडी चालवून दाखव बरं." तिथून पुढचं तो स्वतःच शोधून काढेल.